संगीताची वर्गणी : स्वस्त कोणती आणि किफायतीची कोणती?



दूध, किराणा, वर्तमानपत्र आणि वीज यांच्या जोडीला गेल्या कांहीं वर्षांत आपल्या घरखर्चाच्या वहींत एक नवें कलम आलें आहे. तें म्हणजे संगीताची वर्गणी. मोबाईलवर हवें तें गाणें हव्या त्या घटकेला ऐकविणाऱ्या ज्या सेवा निघाल्या आहेत, आणि ज्यांना सर्वत्र स्ट्रीमिंग म्हणतात, त्यांपैकीं कोणती घ्यावी हा प्रश्न आतां केवळ महाविद्यालयांतील मुलांचा राहिलेला नाहीं. रक्कम लहान असते, म्हणून तिचा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं. परंतु लहान रक्कम दर महिन्याला न चुकतां जाऊं लागली, म्हणजे वर्षाच्या अखेरीस ती लहान राहत नाहीं.

स्वस्त वस्तु आणि किफायतीची वस्तु या एक नव्हेत, हें आपल्याकडील गृहिणींना पूर्वापार ठाऊक आहे. कमी किंमतीचें लुगडें दोन धुण्यांत विरलें, तर तें महागच पडलें. संगीताच्या बाबतींत हाच न्याय कसा लावावा, हें आज पाहावयाचें आहे.

विवेचन अधांतरीं राहूं नये म्हणून एक ठिकाण आपण डोळ्यांपुढें धरूं. रायगड जिल्ह्यांत पनवेलजवळ, मुंबई-पुणे द्रुतगति मार्गाच्या शेजारीं कोन नांवाचें गांव आहे. जुन्या वस्तीच्या भोंवतीं आतां उंच इमारती उभ्या आहेत. २०१६ सालीं म्हाडानें मुंबईच्या गिरणी कामगारांसाठीं ज्या घरांची सोडत काढली, त्यांत कोन येथील घरें होतीं. अशा एखाद्या घरांत पांच माणसें आहेत असें समजा : आजोबा, आजी, पनवेलहून रोज लोकलनें मुंबईस जाणारा मुलगा, शाळेंत शिकविणारी सून आणि महाविद्यालयांत जाणारी नात. आजोबांना नाट्यसंगीत आवडतें, आजींना अभंग; मुलाला जुनीं हिंदी चित्रपटगीतें, सुनेला भावगीतें आणि नातीला आजचीं गाणीं. या घरानें काय करावें?

प्रथम, आपण नेमकें काय विकत घेतों हें स्पष्ट झालें पाहिजे. ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें फ्रेड गायस्बर्ग यानें नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केलें, तेव्हांपासून आपल्याकडे तबकडीचें युग सुरू झालें. पुढें रूढ झालेल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. किंमत एकदांच द्यावयाची आणि तबकडी कायमची आपली, असा तो व्यवहार होता. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि दुसरा प्रकार आला. श्रोत्यानें वर्षाचा परवाना काढावयाचा आणि केंद्र जें ऐकवील तें ऐकावयाचें. या व्यवहारांत खर्च थोडा होता, पण निवड आपल्या हातीं नव्हती. १९५२ सालीं केंद्रीय मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळें सरकारी नभोवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं, तेव्हां लक्षावधि श्रोत्यांना त्यांसाठीं रेडिओ सिलोनकडे वळावें लागलें. ऑक्टोबर १९५७ मध्यें विविधभारती सुरू झाल्यावरच त्या गीतांना घरच्या केंद्रावर पुन्हां मानाची जागा मिळाली.

स्ट्रीमिंग हा या दोहोंहून निराळा, तिसरा व्यवहार आहे. येथें निवड श्रोत्याची असते, पण मालकी नसते. वर्गणी भरीत आहों तोंवर भांडाराचें दार उघडें; वर्गणी थांबली कीं दार बंद, अथवा जाहिरातींसह अर्धें उघडें. थोडक्यांत, हें संगीत आपण भाड्यानें घेतों. भाडें देणें वाईट नव्हे. पण भाड्याचें घर पाहतांना आपण जे प्रश्न विचारतों, तेच येथें विचारले पाहिजेत : आंत काय आहे, किती जण राहूं शकतील, आणि घरमालक उद्यां उठवील कीं काय?

पहिला प्रश्न भांडाराचा. प्रत्येक सेवा आपल्यापाशीं कोट्यवधि गाणीं असल्याचें सांगते. परंतु त्या आंकड्याचा आपणांस उपयोग थोडा. आपल्याला लागणारीं दोनशें गाणीं तेथें आहेत कीं नाहींत, एवढेंच पाहावयाचें असतें. याचें एक बोलकें उदाहरण आहे. स्पॉटिफाय ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्यें भारतांत आली. पण हिज मास्टर्स व्हॉइसच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा वारसा ज्या सारेगामा कंपनीकडे आहे, तिच्याशीं करार न जमल्यानें त्या कंपनीचीं गाणीं लौकरच तेथून निघालीं, आणि जून २०२० मध्यें करार झाल्यावरच परत आलीं. म्हणजे वर्षाहून अधिक काळ आमच्या कोनच्या घरांतील मुलाला त्या सेवेवर जुन्या हिंदी गाण्यांचा मोठा सांठा मिळाला नसता, आणि नातीला कदाचित् त्याचा पत्ताहि लागला नसता. एकाच घरांत, एकाच वर्गणींत, एकाला तीच सेवा भरलेली आणि दुसऱ्याला रिकामी भासते ती अशी.

नुसतें गाण्याचें नांव सांपडलें म्हणून समाधान मानूं नये. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें गीतरामायण १९५५ च्या रामनवमीपासून पुणें केंद्रावरून वर्षभर प्रसारित झालें. त्यांतील ५६ गीतें मूळ प्रसारणांत निरनिराळ्या गायक-गायिकांनीं गाइलीं होतीं. पुढें फडके यांच्या स्वतःच्या आवाजांतील ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. आणि त्यानंतर इतरांनींहि तीं गाइलीं. शोधाच्या पेटींत ‘गीतरामायण’ लिहिलें कीं कांहींतरी समोर येतेंच. पण आजोबांच्या मनांत आहे तेंच ध्वनिमुद्रण तें आहे काय, सर्व गीतें आहेत कीं निवडक, आणि गायक, संगीतकार, कवि यांचीं नांवें बरोबर दिलीं आहेत काय, हें पाहिल्यावांचून भांडाराची परीक्षा होत नाहीं. म्हणून माझी सूचना अशी कीं घरांतील प्रत्येकानें आपल्या आवडीचीं पांच गाणीं गायकाच्या नांवासह कागदावर लिहावीं. पांच माणसांचीं पंचवीस होतील. मग ही यादी प्रत्येक सेवेच्या विनामूल्य अथवा चांचणीच्या अवधींत शोधून पाहावी. पंचविसांपैकीं किती मिळालीं, हा आंकडा कोणत्याहि जाहिरातीपेक्षां अधिक खरा आहे.

आतां किंमतीकडे वळूं. भारतांत हे दर प्रारंभीं फार चढाओढीनें ठरले. स्पॉटिफायचा मासिक दर २०१९ सालीं ११९ रुपये होता. त्याच वर्षीं यूट्यूब म्युझिक ९९ रुपयांत आलें, आणि २०१५ पासून येथें असलेल्या ॲपल म्युझिकनें आपला दर १२० वरून ९९ वर आणला. त्यानंतर दर बदलत राहिले आहेत आणि पुढेंहि बदलतील. म्हणून आंकडे पाठ करण्यापेक्षां हिशेबाची रीत लक्षांत ठेवावी. रीत सोपी आहे : महिन्याच्या वर्गणीला महिन्यांत प्रत्यक्ष ऐकलेल्या तासांनीं भागावें. वर्गणी १२० रुपये आहे असें धरा. लोकलच्या प्रवासांत महिन्याला साठ तास ऐकणाऱ्या मुलाला एक तास दोन रुपयांस पडला. त्याच वर्गणींत रविवारीं तासभर, म्हणजे महिन्याला चार तास, ऐकणाऱ्या सुनेला एक तास तीस रुपयांस पडला. सेवा तीच, किंमत तीच. पण एकाला ती किफायतीची आणि दुसऱ्याला पंधरापट महाग.

घरांत ऐकणारे अनेक असल्यास कौटुंबिक वर्गणी पाहावी. २०१९ सालीं ॲपल म्युझिकची एका व्यक्तीची वर्गणी ९९ रुपये आणि सहा जणांपर्यंतची कौटुंबिक वर्गणी १४९ रुपये होती. अर्थात् दोघे नियमित ऐकणारे असले तरी स्वतंत्र दोन वर्गण्यांपेक्षां ती स्वस्त पडत होती. तीन झाल्यावर तर प्रश्नच उरत नव्हता. मात्र येथें एक अट वाचावी लागते. स्पॉटिफाय आणि यूट्यूब यांच्या नियमांप्रमाणें कौटुंबिक वर्गणींतील माणसें एकाच पत्त्यावर राहणारीं असावीं लागतात. गिरणगांवच्या चाळींत एका खोलींत रेडिओ लागे आणि सबंध गॅलरी ऐके. त्याला कोणाची हरकत नसे. आजच्या वर्गणीला भिंतीचें भान आहे. नात उद्यां पुण्यास वसतिगृहांत राहावयास गेली, तर तिच्यासाठीं विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर पाहावा. दुसऱ्या एखाद्या सेवेच्या वर्गणींत संगीत आपोआप येत असेल, जसें यूट्यूब प्रीमियममध्यें चित्रफितींबरोबर संगीतहि येतें, तर संगीतासाठीं पुन्हां निराळी रक्कम कां द्यावी, याचाहि विचार व्हावा.

विनामूल्य सेवेविषयीं आपल्याकडे दोन टोकांचीं मतें असतात. कोणी म्हणतो, फुकट मिळतें तर पैसे कां द्यावे? कोणी म्हणतो, फुकट तें कुचकामाचें. खरें पाहतां विनामूल्य सेवेची किंमत आपण वेळेनें चुकवितों. अभंगानंतर लगेच साबणाची जाहिरात ऐकावी लागली, तर आजींना ती किंमत जड वाटेल. नातीला वाटणार नाहीं. विनामूल्य पर्याय मुळांतच देत नाहींत अशाहि सेवा आहेत. ॲपल म्युझिक प्रथमपासून वर्गणीवर चाललें, आणि गाना या देशी सेवेनें २०२२ सालीं विनामूल्य ऐकविणें बंद केलें. मात्र एक विनामूल्य दालन सुशिक्षित घरांकडून उगाच दुर्लक्षिलें जातें, आणि तें म्हणजे आपली आकाशवाणी. न्यूज ऑन एअर या ॲपवर विविधभारती, मुंबई-पुण्यासारखीं केंद्रें आणि २०१६ सालीं सुरू झालेली शास्त्रीय संगीताची रागम् वाहिनी मोबाईलवर ऐकतां येते. हवें तें गाणें हव्या क्षणीं मिळत नाहीं हें खरें. पण मागितलें नसतां चांगलें गाणें कानीं पडण्याचा आनंद तेथेंच आहे. आजोबा-आजींच्या दिवसाचा बराच भाग याच दालनावर सुखानें जाईल. शिवाय एकदांच किंमत देऊन घेण्याचीं यंत्रेंहि निघालीं. सारेगामानें २०१७ सालीं पांच हजार हिंदी गाणीं भरलेला कारवां हा पेटीवजा रेडिओ काढला, आणि पुढें मराठी गीतांचाहि. ज्यांना मोबाईलची पाटी चांचपणें नकोसें वाटतें, त्यांना असें यंत्र मासिक वर्गणीहून पुष्कळदां सोयीचें पडतें.

यानंतर आवाजाच्या प्रतीचा प्रश्न येतो. उत्तम प्रतीचा आवाज म्हणून जादा वर्गणी मागितली जाते, तेव्हां आपण ती कशासाठीं देतों हें समजून घ्यावें. प्रत मोजण्याचें माप म्हणजे दर सेकंदास किती किलोबिट माहिती येते तें. ९६ किलोबिटच्या प्रतीनें तासाला सुमारें ४३ एम.बी. डेटा लागतो, १६० च्या प्रतीनें ७२ आणि ३२० च्या प्रतीनें १४४. मूळ ध्वनिमुद्रणांतील कांहींहि न गाळणारी जी प्रत असते, तिला तासाला तीनशें-चारशें एम.बी. सहज लागतात. आतां कोनचा मुलगा पनवेल ते मुंबई जाण्यायेण्यांत रोज अडीच तास गाणीं ऐकतो आणि महिन्याला पंचवीस दिवस कामावर जातो असें धरल्यास, १६० च्या प्रतीला महिन्याकांठीं साडेचार जी.बी. आणि ३२० च्या प्रतीला नऊ जी.बी. डेटा लागेल. लोकलच्या खडखडाटांत साध्या इअरफोननें ऐकणाऱ्याला या दोहोंतील फरक फारसा जाणवत नाहीं. आजोबांच्या नाट्यसंगीताची गोष्ट तर याहून निराळी. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ज्या काळांत निघाल्या, त्या काळच्या यंत्रांनीं आवाजांतील अति उंच स्वरांश टिपलेच नाहींत. जें मुळांत नाहीं, तें महाग प्रतीनें कोठून येणार? तेथें प्रतीपेक्षां महत्त्व आहे तें तबकडीवरून उतरवून घेतांना कोणी किती काळजी घेतली याला. घरांत चांगले स्पीकर असतील, आणि शांत खोलींत बसून अलीकडील ध्वनिमुद्रणें ऐकण्याची संवय असेल, तरच जादा प्रतीसाठीं जादा पैसे द्यावे.

प्रवासाचाहि विचार करावा. कोनहून द्रुतगति मार्गानें पुण्याकडे निघालें कीं भाताण, माडप आणि पुढें घाटांतील बोगदे लागतात. तेथें इंटरनेटचा धागा तुटतो आणि गाणें मध्येंच अडखळतें. घरीं वायफायवर गाणीं आधींच डाऊनलोड करून ठेवण्याची सोय बहुतेक सेवा वर्गणीदारांनाच देतात, आणि वर्गणीचा खरा लाभ कित्येकांना येथेंच मिळतो. डेटाहि वांचतो. परंतु ध्यानांत ठेवावें कीं हीं डाऊनलोड केलेलीं गाणींहि आपलीं नसतात. तीं त्या ॲपमध्यें कुलुपबंद असतात, आणि वर्गणी संपली कीं मुकीं होतात.

येथें मी या विषयांतील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याशीं येतों, आणि तो म्हणजे शाश्वति. रेसो नांवाची सेवा २०२० सालीं भारतांत आली आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस बंद झाली. एअरटेलची विंक म्युझिक ही २०१४ पासूनची सेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्यें ती गुंडाळण्याचें जाहीर झालें. ज्यांनीं तेथें वर्षानुवर्षें आवडत्या गाण्यांच्या याद्या सजविल्या होत्या, त्यांना दुसरें बिऱ्हाड शोधावें लागलें. गेलें तें गाणें नव्हे. तीं गाणीं अन्यत्र मिळतात. पण आईच्या आवडीचीं म्हणून मुलानें एकेक निवडून केलेली यादी ही त्या घराची आठवण असते, आणि तिची किंमत रुपयांत होत नाहीं. म्हणून यादी केवळ ॲपवर ठेवूं नये. एखाद्या वहींत गाणें, गायक, संगीतकार आणि कवि यांची नोंद करावी. आणि ज्या दहावीस ध्वनिमुद्रणांवांचून आपल्या घराचें चालणार नाहीं, तीं शक्य तेथें सीडीच्या किंवा रीतसर विकत घेतलेल्या फाईलच्या रूपानें स्वतःपाशीं ठेवावीं. भाड्याच्या घरांत राहणारा माणूसहि देव्हारा स्वतःचाच ठेवतो.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपण भरलेली वर्गणी जाते कोठें? पुष्कळांची समजूत अशी कीं महिनाभर आपण केवळ मराठी नाट्यपदें ऐकलीं, तर आपले पैसे त्या गायकांच्या अथवा त्यांच्या हक्कदारांच्या पदरांत पडतात. बहुतेक मोठ्या सेवांची रीत तशी नाहीं. सर्वांची वर्गणी एकत्र जमते, आणि तिचा ठरलेला हिस्सा एकूण ऐकण्यांच्या प्रमाणांत वांटला जातो. स्पॉटिफायवर गाणें तीस सेकंद वाजलें कीं एक ऐकणें मोजलें जातें. त्यामुळें चाळीस मिनिटांचा ख्याल शेवटपर्यंत ऐकला तरी एक, आणि तीन मिनिटांचें चित्रपटगीत ऐकलें तरी एक. शिवाय २०२४ पासून त्या सेवेनें असा नियम केला आहे कीं मागील बारा महिन्यांत एक हजार वेळां न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला कांहींच वांटा मिळावयाचा नाहीं. लोकप्रिय गाण्यांना याची झळ लागत नाहीं. पण एखाद्या तालुक्याच्या गांवचा कीर्तनकार, नवा भावगीतगायक किंवा मोजक्या रसिकांपुढें गाणारी ख्यालगायिका यांच्या मिळकतीच्या दृष्टीनें तो लहान नियम नव्हे. ज्याचें गाणें आपल्याला टिकावें असें वाटतें, त्याला वर्गणीवांचून आणखीहि कांहीं दिलें पाहिजे, हा याचा अर्थ. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहांत एखाद्या कार्यक्रमाचें तिकीट काढणें, गायकाची सीडी घेणें, हे त्याचे सरळ मार्ग आहेत. किफायतीचा हिशेब करून जें वांचेल, तें असें खर्चावें.

शेवटीं व्यवहाराच्या दोन-तीन सूचना. चांचणीचा विनामूल्य महिना घेतांना आपल्या खात्यांतून पुढील महिन्यापासून आपोआप पैसे घेण्यास आपण संमति देत असतों. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें ऑक्टोबर २०२१ पासून अशा वसुलीपूर्वी निदान २४ तास आधीं खातेदारास सूचना द्यावी लागते. तो संदेश न वाचतां पुसूं नये. वर्षाची वर्गणी महिन्याच्या हिशेबानें स्वस्त दिसते, पण सेवा बदलावीशी वाटल्यास पैसे अडकून पडतात. म्हणून निदान तीन महिने अनुभव घेतल्यावांचून वर्षाची भरूं नये. आणि दर सहा महिन्यांनीं, घरपट्टी भरतांना आपण जसे जुने कागद पाहतों तसें, कोणती वर्गणी खरोखर वापरांत आहे आणि कोणती नुसती चालू आहे, हें पाहावें.

तर मग कोनच्या त्या घरानें काय करावें? पंचवीस गाण्यांची यादी घेऊन दोन-तीन सेवा पारखाव्या. मुलगा आणि नात असे दोघे भरपूर ऐकणारे आहेत. ज्या सेवेंत यादींतील सर्वाधिक गाणीं मिळतील तिची कौटुंबिक वर्गणी दोन स्वतंत्र वर्गण्यांपेक्षां कमी असल्यास ती घ्यावी, आणि तींतच सुनेची सोय होईल. आजोबा-आजींना आकाशवाणी, आणि हवें असल्यास गाणीं भरलेलें एखादें यंत्र, पुरेसें आहे. साधी प्रत ठेवावी, गाणीं घरीं डाऊनलोड करावीं, आवडीची वही घालावी आणि घरच्या देव्हाऱ्यांतलीं दहावीस ध्वनिमुद्रणें विकत घ्यावीं. दुसऱ्या घराचें उत्तर निराळें येईल, कारण त्या घराचे कान निराळे असतील. म्हणून शेजाऱ्यानें कोणती सेवा घेतली हें विचारण्याआधीं, आपल्या घरांत कोण काय ऐकतें हें आज रात्रीं जेवतांना एकमेकांस विचारून पाहावें, एवढीच विनंति आहे.